मिरग आणि मोहरम : पावसाच्या खुणांचे एक वाचन

आमच्या घरात मोहरमचा चाँद कधीचा, हे कोणाला तरी विचारावे लागे. मिरग कधीचा, हे विचारावे लागत नसे. आमचे गाव बार्शीकडचे, बालाघाटाच्या उतारावरचे. जूनच्या सात-आठ तारखेला दादी परसात उभी राहून मावळतीकडे बघायची आणि म्हणायची, "मिरग लग्या." त्या दिवशी आभाळ कोरडे असले तरी घर बदलत असे. गोवऱ्या आत येत, बियाण्याचे गाडगे खाली उतरे, अब्बा पाभर दुरुस्त करायला सुताराकडे नेत. दादीला वाचता येत नव्हते आणि घरात पंचांग नव्हते. बोली दखनी, शब्द मुळात संस्कृत, त्याचा उच्चार आमच्या शिवारातला. हे दोन शब्दांचे वाक्य कोणत्या समाजाचे, असा प्रश्न तेव्हा कोणालाही पडला नाही. आम्हाला तो पुढे पुस्तके वाचू लागल्यावर पडला.

पावसाच्या लोकसंकेतांविषयी मराठीत लिहिणाऱ्यांची वाण नाही. दर मे महिन्यात वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत कावळ्याचे घरटे, टिटवीची अंडी, बहाव्याचा फुलोरा, नक्षत्रांची वाहने हे सारे छापून येते. आम्ही ते आवडीने वाचतो. पण वाचून झाल्यावर दोन गोष्टी खटकतात, आणि त्या याच वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडाव्यात असे वाटले. पहिली अशी की या लिखाणातला शेतकरी आभाळाकडे नेहमी पंचांगाच्या खिडकीतून बघतो. खूण ज्योतिषाच्या फडताळात ठेवली जाते, आणि एकदा ती तिथे ठेवली की तिच्यावर नाव कोणाचे लागणार हे ठरूनच जाते. दुसरी गोष्ट अधिक जवळची. आपल्या लेखनात हा विषय जवळजवळ नाहीच. मराठीशी आपले नाते सांगताना आपण शेख महंमद श्रीगोंदेकरांचा 'योगसंग्राम' पुढे करतो, शाहिरांची नावे घेतो. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून हे दाखले अनेकदा दिले गेले आणि ते योग्यच आहेत. पण आपल्या घरातला माणूस ज्या भाषेत चाड्यावर मूठ कधी धरायची हे ठरवत होता, ती भाषा आपण कधी दाखल्याला घेतली नाही.

आधी पंचांगाचाच प्रश्न घेऊ. हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. ऋतूंच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी तोकडे. त्यामुळे मोहरम दरसाल मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २००६ साली आशुरा फेब्रुवारीत होता, २०२५ साली जुलैत. ज्याचा सण ऋतूला बांधलेला नाही त्याला पेरणीसाठी दुसरी मोजणी लागणारच. यात धर्मसंकट काही नाही, सोय आहे. आणि ही अडचण केवळ आमच्या शिवारातली नव्हती. पंधराव्या शतकातला अरब दर्यावर्दी इब्न माजिद याने हिंदी महासागरातल्या प्रवासाचे हंगाम सांगितले ते हिजरी महिन्यांत नव्हे, तर नौरोजपासून किती दिवस झाले या हिशेबाने. वारा चंद्राचे महिने पाळत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. या हंगामाला अरबीत 'मौसिम' म्हणत. तो शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि युरोप फिरून तो आपल्याकडे 'मॉन्सून' होऊन परत आला.

दख्खनेत याच अडचणीवर जो तोडगा निघाला तो आम्हाला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका दस्तऐवज वाटतो. मोडी कागदांवर 'सुहूर सन' म्हणून जी कालगणना दिसते तिला मृगसालही म्हणत. अभ्यासक तिची सुरुवात हिजरी ७४५, म्हणजे इसवी १३४४ च्या सुमारास धरतात. तेव्हा दख्खन महंमद तुघलकाच्या अमलाखाली होती. आकडा हिजरीचा घेतला, पण पुढचे वर्ष सौर केले, आणि वर्षाचा पहिला दिवस ठरवला सूर्य मृग नक्षत्रात जाण्याचा. कारण उघड आहे. सारा पिकावर घ्यायचा आणि वर्ष चंद्राचे, असे झाले तर काही वर्षांत पीक उभे असतानाच वसुलीची तारीख येते. अकबराच्या फसली सनामागेही हीच अडचण होती. पण सुहूर सनाचे वैशिष्ट्य तिच्या भाषेत आहे. वर्षाचा आकडा अरबी शब्दांत लिहायचा, सलास, अर्बा, खमस असा, आणि तो बदलायचा मृगाच्या दिवशी. मराठी राज्याच्या दफ्तरांत, पेशवाईतही, हीच रीत चालली. ब्राह्मण कारकून अरबी आकडे लिहीत होता आणि मुसलमान कुळ मृगाची वाट बघत होते. दोघांनाही त्यात काही विचित्र वाटत नव्हते.

शब्दांचेही असेच आहे. 'हवामान' यातली हवा अरबी आणि मान संस्कृत. हंगाम फारसी. खरीप आणि रब्बी हे अरबी शब्द, मुळात शरद आणि वसंत या अर्थाचे. या हंगामांना बसवलेली नक्षत्रे मात्र रोहिणी, मृग, आर्द्रा. ही भाषा वेगळी काढून वाटून घ्यायची म्हटली तर कोणाच्याच पदरात पूर्ण पावसाळा पडणार नाही.

आता खुणांकडे वळू. त्या एकजात नाहीत, आणि मराठीतल्या पुष्कळ लिखाणाचा दोष असा की तो त्यांना एकजात समजतो. आमच्या मते काही खुणा मोजलेल्या आहेत आणि काही पाहिलेल्या. मोजलेल्या खुणेला आभाळाची गरज नसते. नक्षत्राचे वाहन घ्या. सूर्य नव्या नक्षत्रात जातो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे हे मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकीवरून कोल्हा, मोर, बेडूक, गाढव, हत्ती असे वाहन काढायचे. बेडूक किंवा हत्ती आला की पाऊस चांगला. हे गणित खोलीच्या दारे-खिडक्या बंद करूनही करता येते आणि उत्तर सगळ्या मुलखाला एकच येते. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. हत्ती दोन्हीकडे एकच. आम्ही त्याला खोटे म्हणण्याच्या भरीस पडत नाही. तो पावसाविषयी बोलतच नाही, एवढेच म्हणतो.

मोजलेल्या खुणांत आणखी एक तिढा आहे. नक्षत्रांचे आपले पंचांग ताऱ्यांना धरून चालते आणि पाऊस सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्याला धरून. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे या दोहोंत साधारण सत्तर-बाहत्तर वर्षांत एका दिवसाचे अंतर पडते. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली तेव्हा मृग आजच्या मानाने सुमारे तीन आठवडे लवकर लागत होता. म्हणजे मृग आणि पाऊस यांची सांगड ग्रंथाने एकदा घालून दिली आणि ती अढळ राहिली असे नाही. पिढ्यांमागून पिढ्या कोणीतरी ती पुन्हा पुन्हा जमवून घेत आला. ते जमवून घेणारे हात कोणाचे? ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांचेच. वराहमिहिराचा ग्रंथही या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्याच्यात एका बाजूला ढगाला गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस, असा ठोस हिशेब आहे आणि दुसऱ्या बाजूला, मुंग्या अंडी तोंडात धरून जागा बदलू लागल्या की पाऊस जवळ आला, अशी साधी नजर आहे. दीड हजार वर्षांनी आमच्या ओट्यावर मुंग्यांची रांग बघून दादी वाळवणे उचलत असे. १९५ दिवस मात्र आमच्या घरात कोणी मोजले नाहीत.

सहदेव-भाडळीच्या नावावर फिरणाऱ्या ठोकताळ्यांतही या दोन्ही जाती मिसळलेल्या आहेत. हीच बाई गुजरात-राजस्थानात भडली होते, उत्तरेत घाघ आणि भड्डरी अशी जोडी दिसते, बंगालात खना आणि आसामात डाक. घाघाला परंपरा अकबराच्या काळात ठेवते. भाडळी कोण, याविषयी दंतकथांचे एकमत नाही. कुठे ती जोशाची मुलगी, कुठे खालच्या मानलेल्या जातीतली बाई. आम्हाला हा घोळ मोलाचा वाटतो. ज्ञान कोणाचे हे ठरत नसले की लोक एक जोशी आणि एक बाई अशी जोडी उभी करतात. पोथी त्याची, नजर तिची. जत्रेत मिळणाऱ्या पुस्तिकांत अमुक तिथी अमुक वारी आली तर काय होईल, याची पाने भरलेली असतात. ती वाचताना कंटाळा येतो. मध्येच वाऱ्याच्या दिशेची किंवा संध्याकाळच्या ढगाच्या रंगाची ओळ येते आणि कोणीतरी बांधावर उभे राहून बोलल्यासारखे वाटते. संपादकांनी या दोन्ही ओळी एकाच मापाने छापल्या, हे या पुस्तिकांचे दुर्दैव.

पाहिलेल्या खुणा सगळ्या खऱ्या, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे आपल्या पूर्वजांना देव करणे, आणि ते टीकेचे काम नव्हे. टिटवीचे उदाहरण घ्या. टिटवीने चार अंडी घातली तर चार महिने पाऊस, उंचवट्यावर घातली तर जोराचा पाऊस, असे सर्वत्र सांगतात. आता टिटवी बहुधा चारच अंडी घालते, फार तर तीन. म्हणजे भाकीत जवळजवळ दरसाल एकच येणार, आणि पावसाळा चार महिन्यांचा असल्याने ते खरेही ठरल्यासारखे वाटणार. ज्या टिटवीने सखलात अंडी घातली तिचे घरटे पहिल्या लोंढ्यात गेले; तिची साक्ष कोणी काढली नाही. बहाव्याचेही तसेच. तो फुलल्यावर पाऊस किती दिवसांनी, याला कोणी पंचेचाळीस म्हणतो, कोणी साठ. एवढी सूट दिली तर कोणताही फुलोरा खरा ठरेल.

याउलट चंद्राच्या खळ्याचे आहे. खळे चंद्राला लागून असेल तर पाऊस लांब, खळे दूर असेल तर पाऊस जवळ, असे आमच्याकडे म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही नुसती शब्दांची उलटापालट वाटते. पण नीट बघितले तर ही दोन वेगळी वर्तुळे आहेत. दूरचे खळे फार उंचावरच्या पातळ ढगातल्या हिमकणांतून प्रकाश वळल्याने पडते आणि चंद्रापासून त्याचे अंतर ठरलेले, सुमारे बावीस अंश. हात लांब करून वीत धरली तर तेवढीच भरते. जवळचे, चंद्राला चिकटलेले वलय मात्र पाण्याच्या बारीक थेंबांमुळे दिसते. उंच ढगांचा तो पातळ पडदा पुष्कळदा दुरून येणाऱ्या पावसाच्या पुढे पसरतो. नेहमी नव्हे, पण पुष्कळदा. हिमकण आणि थेंब हा भेद ज्याला माहीत नव्हता त्याने दोन्हींना नाव एकच दिले, तरी त्यांचे वागणे वेगळे आहे हे ओळखले. अशी नजर कमावायला किती रात्री उघड्यावर निजावे लागले असेल!

या पाहिलेल्या खुणांतला मोठा भाग शेताबाहेरचा आहे, घरातला आणि धंद्यातला आहे, आणि आमची खरी तक्रार इथे सुरू होते. आपल्या खेड्यांतली मुसलमान वस्ती म्हणजे सगळेच जमीनवाले नव्हेत. पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी, मणियार. यांतल्या प्रत्येकाच्या हाताला हवेतली ओल कळे, कारण त्यावर दिवसाची कमाई ठरत असे. आमच्या शेजारच्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला आतड्याची तात असायची. हवा दमट झाली की तिचा आवाज बसे. त्याचा ठणठणाट ऐकत वाढलेल्या आम्हा पोरांनाही तो फरक कळायचा, आणि तो स्वतः धनुकली भिंतीला टांगून म्हणायचा, "आज रुई नहीं उडती." पाऊस त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी यायचा, कधी यायचाही नाही. पण हवेतल्या ओलीविषयी तो चुकला असे आठवत नाही. यात चमत्कार नाही. आतडे, कातडे, केस या वस्तू ओल शोषतात आणि त्यांचा ताण बदलतो. स्वित्झर्लंडच्या सोस्यूरने १७८३ च्या सुमारास माणसाच्या केसावर चालणारे आर्द्रतामापक प्रसिद्ध केले ते याच गुणावर. आमच्या पिंजाऱ्याकडे ते यंत्र होते. त्याला फक्त काटा आणि आकडे नव्हते.

असेच पानांच्या डालीवरचे ओले फडके किती वेळात सुकते यावरून तांबोळीण हवा ओळखे. खडे मीठ पाझरू लागले, गुळाला पाणी सुटले, पापड मऊ पडला, की स्वयंपाकघरात बोलणे बदलत असे. पहिल्या सरींनंतर बांधावर जो मखमली तांबडा किडा निघतो त्याला शेजारचे मृगाचा किडा म्हणत आणि आमची दादी बीरबहूटी. एकाच किड्याची ही दोन नावे एकाच बांधावर चालत. यातले किती संकेतांच्या पुस्तकांत आले? आमच्या वाचनात तरी पिंजाऱ्याची तात आलेली नाही. संग्राहक बांधावर गेला, देवळाच्या पारावर बसला. त्याला तिथे जे मिळाले ते त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. मोहल्ल्यातल्या दुकानात तो शिरला नाही, आणि आपण त्याला आत बोलावले नाही.

मराठीतल्या थोर निसर्गलेखकांकडे आम्ही कृतज्ञतेनेच बघतो. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. त्यात खुणा भविष्य सांगण्यासाठी येत नाहीत, बघण्याचा आनंद म्हणून येतात. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी रानातल्या माणसांचे संकेत मराठी घरांत पोहोचवले. कावळ्याने घरटे झाडाच्या पूर्वेला बांधले तर पाऊस चांगला, काटेरी झुडपावर बांधले तर दुष्काळ, हे आज शहरातल्या वाचकालाही पाठ आहे ते बरेचसे त्यांच्यामुळे. त्यांच्या लेखनात खुणेला रान असते, सांगणारा माणूस असतो. पुरवण्यांनी त्यातून रान आणि माणूस काढून टाकला आणि सूत्र तेवढे ठेवले. मग कावळ्याचे घरटे आणि गाढवाचे वाहन एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसले.

भेंडवळच्या घटमांडणीचीही गत अशीच झाली आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात अक्षय्य तृतीयेला शेतात घट आखतात. भोवती अठरा धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, वर पापड-कुरडई आणि राजाचे म्हणून पान-सुपारी. रात्रभर कोणी तिकडे जात नाही. पहाटे धान्य किती हलले, ढेकूळ किती भिजले हे बघून पाऊस, पिके, राजा, शत्रू सगळ्यांचे भाकीत होते. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी तिला वेळोवेळी आव्हानही दिले आहे. आम्हाला तो एक उत्तम लोकनाट्याचा प्रयोग वाटतो. ढेकळांना महिने मानणे ही कविकल्पना सुंदर आहे. पण दुसऱ्या दिवशी ती बातमी हवामानाच्या रकान्यात छापली जाते आणि कोणी तिच्यावर बियाणे घेतो, तेव्हा सौंदर्याची चर्चा थांबवावी लागते. उधारीवर आणलेले बी मातीत गेले आणि उगवले नाही, तर दुबार पेरणीला सावकाराच्या दारात पुन्हा जावे लागते. तिथे हिंदू-मुसलमान असा भेद नसतो.

शास्त्रालाही ठेच लागली आहे, हे सांगितले पाहिजे. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याने २००२ साली पाऊस सरासरीइतका होईल असे सांगितले होते. त्या जुलैत देशात सरासरीच्या निम्माच पाऊस पडला आणि हंगाम दुष्काळाचा गेला. आमच्याकडे त्या वर्षी लोकांनी खात्याची टिंगल करून भेंडवळचे गोडवे गायले. पण पुढच्याच वर्षी खात्याने आपली पद्धत बदलली. आपण कुठे चुकलो याची नोंद तिथे राहते. वाहनाच्या कोल्ह्याने अशी नोंद कधी ठेवलेली नाही. पिंजाऱ्याने ठेवली होती. तात चुकीची बोलली तर त्याची रोजी बुडत होती.

आता एक नाजूक बाब. गेल्या काही वर्षांत आपल्याच तरुणांपैकी काही जण म्हणू लागले आहेत की मृग-आर्द्रा ही नावे घेणे मुसलमानाला शोभत नाही. आमच्या गावातल्या एका भल्या मुलाने हे अब्बांना तोंडावर सांगितले. त्याचा आधार त्याला ठाऊक होता. हुदैबियाला रात्री पाऊस पडल्यावर हजरत पैगंबरांनी (स.) सांगितले, की पाऊस अल्लाहच्या कृपेने मिळाला असे म्हणणारा श्रद्धावान, आणि अमुक ताऱ्याने दिला असे म्हणणारा ताऱ्यावर श्रद्धा ठेवणारा. हदीस खरी आहे. पण तिचा अर्थ सांगणाऱ्या जुन्या विद्वानांनी एक भेद केला होता. ताऱ्याने पाऊस दिला म्हणणे वेगळे, आणि अमुक तारा असताना पाऊस पडला म्हणणे वेगळे. पहिल्यात श्रेय आहे, दुसऱ्यात फक्त वेळ. अरबांकडेही चंद्राची अठ्ठावीस घरे होती आणि त्यांवरून पाऊसवाऱ्याचे ठोकताळे होते. नवव्या शतकात इब्न कुतैबासारख्या मोठ्या पंडिताने त्यांवर 'किताब अल-अनवा' हा ग्रंथच लिहिला. आपली कृत्तिका ती त्यांची सुरैय्या. आपल्या मोहल्ल्यात सुरैय्या नावाच्या मुली आहेत. त्यांना कोणी नाव बदलायला सांगत नाही.

हा भेद मराठीच्या आणि दखनीच्या व्याकरणात कसा बसला आहे ते बघण्यासारखे आहे. शेतकरी "मृगात पाऊस झाला" म्हणतो, अब्बा "मिरग में पानी पड्या" म्हणत. सप्तमी आहे, तृतीया नाही. ताऱ्याला काळ केले आहे, कर्ता केलेले नाही. पाऊस चांगला झाला की अब्बा म्हणत, अल्लाह का करम. आणि पाऊस हुकला की मात्र म्हणत, मिरगाने दगा दिला. श्रेय एकाकडे आणि दोष दुसऱ्याकडे! त्या तरुणाला हे ऐकवले तेव्हा तो हसला, पण त्याचे समाधान झाले नाही. दगा देणारा मिरग हा शेवटी कर्ताच झाला, असे तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. भाषा अशीच वागते; ती धर्मशास्त्राचे ऐकते आणि वैतागाचेही ऐकते. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणणारी माणसे काही त्यांची पूजा करत नव्हती. त्यांना पावसाचे वय दिसत होते. ही उपमा ज्याला सुचली त्याचे नाव कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही, आणि तो कोणाच्या वस्तीत राहत होता हेही कोणी सांगू शकणार नाही. ही नावे आपण टाकली तर आपण एक श्रद्धा टाकतो असे नाही. आपण आपल्या आजोबांच्या तोंडचे शब्द दुसऱ्याच्या नावावर करून देतो.

आपल्या कथा-कवितांत पाऊस आहे, नाही असे नाही. पण तो बहुतेकदा दंगलीनंतरचा पाऊस असतो, कबरस्तानातला पाऊस असतो, नाही तर उर्दू गझलेतून आलेला सावन असतो. दंगलीविषयी लिहू नये असे आम्ही कसे म्हणू? ते लिहावेच लागले. पण वाफसा आला की नाही हे मूठभर माती दाबून बघणारा मुसलमान मराठी साहित्यात कुठे आहे? वीतभर ओल गेल्याशिवाय पेरू नये, असे अब्बा म्हणत. आज कृषी खाते ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणते. दोन्ही वाक्यांत सावधपणा सारखाच आहे. पण पहिले वाक्य कुठे लिहिलेले नाही. ते सांगणारे गेले, आणि आम्ही स्वतःही ते आज पहिल्यांदा कागदावर उतरवतो आहोत, हा दोष आमच्याकडेही येतो.

२०२५ सालाने तर सगळ्यांचेच ठोकताळे विस्कटले. पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, मुंबईच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. रोहिणी नुकत्याच लागल्या होत्या. मग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तो थबकला. घाई करून पेरू नका, असे कृषी खाते सांगत होते. आमच्या गावातले जुने दोघेतिघे, ज्यांना खात्याचा निरोप मिळाला नव्हता, तेही थांबले. त्यांचे म्हणणे एवढेच, की मिरग लागायचा आहे. आणि शेवटी सप्टेंबरात, उत्तरा संपत असताना, सीनेला जो पूर आला त्याने उभी पिके आणि घरे धुऊन नेली. त्याची खूण कोणाला दिसली नव्हती.

मधे, ६ जुलैला, आशुरा होता. भर पुनर्वसूच्या तोंडावर, म्हणजे तरण्या पावसात. लहानपणी मोहरम पावसाळ्यात आला की ताशेवाल्यांची तारांबळ उडायची. कातडे ढिले पडायचे, दर दोन गल्ल्यांनंतर पाचटाचा जाळ करून ताशे शेकावे लागायचे, आणि शेकायला वेळ लागू लागला की म्हातारे आभाळाकडे बघून ताबूतावर मेणकापड टाकायला सांगायचे. या वेळी आम्ही गावी होतो. मिरवणूक कुठे थांबली नाही. ताशांना आता फायबरचे पान असते. ते शेकावे लागत नाही. सर आली तेव्हा ताबूत उघडाच होता.